मुनीरभाईची फोड

परवा चौसाळ्यात स्टँडपुढं मी एका भंगारवाल्याशी भांडलो. त्याच्या हातगाड्यावर गंजक्या पत्र्यात एक लॅपटॉप उताना पडलेला, आन् ज्यानं तो भंगारात दिला तो मानूस शेजारीच उभा. मी त्याला म्हनलं, "कावून टाकायलाव हो?"

"लई म्हातारा झालाय. चालू व्हायलाच अर्धा तास घेतो."

"मशीन म्हातारं हाय, मेलेलं न्हाई," मी म्हनलं.

तो मला खालून वरपर्यंत बघायला लागला. भुवया पिठानं पांढऱ्या, पायात टायरच्या चपला, काखेत गिरनीचा पट्टा. म्हनला, "तुमी कंप्युटरचं काय शिकलाव का?"

म्हनलं, "मी तिसरी नापास हाय. ती बी दोनदा. हे बोलनं माझं न्हाई, मुनीरभाईचं हाय."

आन् मंग भंगारवाला, तो मानूस आन् मी, तिघं चहाला गेलो आन् मी मुनीरभाईचं सांगत बसलो. गिरनीपुढं चार बाया दळनाचे डबे घेऊन मला शिव्या देत व्हत्या. ते जाऊ द्या, ते रोजचंच हाय.

मुनीरभाईचं दुकान माझ्या गिरनीला चिकटून व्हतं. मधी एकच भिंत. मी इकडं जवारी दळायला लागलो की तिकडं त्यांच्या फळीवरचे स्क्रू नाचायचे. त्यांचे वडील खरबुजं, टरबुजं इकायचे, आजोबा बी तेच. मुनीरभाईनं मात्र आधी रेडिओ उघडले, मंग टीव्ही, मंग मोबाइल, आन् शेवटाला लॅपटॉप. पन हात फळवाल्याचाच ऱ्हायला. कोनतं बी मशीन आलं की पैलं ते दोन बोटांनी टिचकी मारून बघायचे, कान लावायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, आता हे म्हनतील, दोन दिवसांनी पिकंल.

बुटके, किडकिडीत, चष्मा कायम कपाळावर. चष्मा डोळ्यावर आला की समजायचं, मामला गंभीर हाय. चहा बिनसाखरेचा आन् संग गुळाचा खडा. मी एकदा इचारलं, "मुनीरभाई, साखर बंद आन् गूळ चालू, ह्यात फायदा काय?" म्हनले, "फायदा काय न्हाई बे. डॉक्टरनं फक्त साखर म्हनलं, गुळाचं मी इचारलंच न्हाई."

माझी त्यांची पैली गाठ टीव्हीवरून पडली. लई वर्सं झाली. तव्हा टीव्ही म्हंजी पाठीमागं कुबड आसलेलं खोकं. आमच्या टीव्हीचा आवाजच गेला. चित्र दिसायचं, मानसं तोंड हलवायची, आवाज न्हाई. आमच्या हिनं, म्हंजी शांतानं, सांगितलं आधी नीट बघा. पन मी कधी नीट बघनारा? उन्हाचं ते खोकं डोक्यावर घेतलं, गल्लीतून निघालो, रस्त्यानं चार जनांनी इचारलं, चौघांनाबी सांगितलं की आतला स्पीकर जळालाय. दुकानात पंधरा-वीस मानसं बसलेली. मुनीरभाईनं वायर लावली, टिचकी मारली, रिमोट माझ्या खिशातूनच काढला आन् एक बटन दाबलं. टीव्ही बोंबलायला लागला. मीच कधीतरी बोलती बंद करायचं बटन दाबून ठेवलतं.

सगळं दुकान माझ्या तोंडाकडं बघायला लागलं. मुनीरभाईनं रिमोट उलटा-पालटा करून बघितला आन् गंभीर चेहऱ्यानं म्हनले, "ह्या कंपनीचे रिमोट नाजूक आसतात. धक्का लागला तरी बटन दबतं. बबनची चूक न्हाई." मानसं परत आपापल्या कामाला लागली. इज्जत वाचली. आता ही गोष्ट सगळ्या चौसाळ्याला ठाऊक हाय ती मुनीरभाईमुळं न्हाई, मीच सांगत फिरलो म्हनून.

तर लॅपटॉपचं सांगतो.

लोकांचे जुने लॅपटॉप मरायला टेकले की दुसरे दुकानदार म्हनायचे नवा घ्या. मुनीरभाई म्हनायचे, लिनक्स टाका. हे लिनक्स म्हंजी काय, मला आजबी धड सांगता येनार न्हाई. मला समजलं ते एवढंच, की लॅपटॉपच्या आत त्याला चालवनारा एक जन बसलेला आसतो, आपन वरून बटनं दाबतो, काम तो करतो. नेहमीचा जो आसतो तो दर वर्साला जाड व्हत जातो आन् जुन्या मशीनला त्याचं वजन झेपत न्हाई. हा लिनक्सवाला दुनियाभरच्या लोकांनी मिळून बनवलाय, कुनाच्या बापाचा न्हाई, कुनीबी न्यावा. आन् त्याचा एक प्रकार नसतो, ढीगभर आसतात. हितंच सगळा घोळ. नव्या मानसानं कोनता घ्यायचा?

मुनीरभाईकडं त्याचा इलाज व्हता. फोड.

त्यांच्याकडं पेनड्राइव्हचा एक डबा व्हता, एकेकात एकेक प्रकार भरलेला. पेनड्राइव्ह लावायचा, मशीन चालू करायचं, की तो प्रकार नुस्ता पेनड्राइव्हवरूनच चालायचा. आतलं काय पुसायचं न्हाई, काय बसवायचं न्हाई. गिऱ्हाइकानं बसून चालवून बघायचं. मुनीरभाई म्हनायचे, "आमच्या बापानं आख्ख्या हयातीत एक टरबूज फोड दिल्याबिगर इकलं न्हाई. फोड खा, मंग बोला." पेनड्राइव्हला नावं बी तशीच. एक टरबूज, एक बोर. तिसऱ्याचं खरं नाव मिंट, म्हंजी इंग्रजीत पुदिना म्हने, म्हनून तो पुदिना. नियम एकच. फोड दुकानात खायची. घरी न्यायची न्हाई.

आन् मशीन टेबलावर ठेवलं की पैला सवाल, "तुमी काय काम करता?" लोक म्हनायचे, आहो मशीनला काय झालंय ते बघा. हे म्हनायचे, "मशीनचं नंतर. मानूस काय करतो ते कळल्याबिगर मशीनला काय घालू?"

साळवे गुरुजी आले व्हते एकदा. रिटायर झालेले, हात थरथरायचा. त्यांना त्यांच्या वस्तीचा इतिहास लिहायचा व्हता, आजोबा-पनजोबापासून सगळा. मुनीरभाईनं त्यांना तीन दिवस रोज दुपारी बसवलं. तिन्ही फोडी चाखवल्या. स्क्रीनवरचा बान मोठा केला, त्याची चाल हळू केली, अक्षरं एवढाली केली की मला रस्त्यावरून दिसायची. गुरुजी म्हनले, "मुनीरभाई, मी पन्नास पोरांना एका वेळी शिकवलं, पन तुमच्याएवढा सबर मला कधी जमला नाही." मुनीरभाई म्हनले, "गुरुजी, तुमच्याकडं पन्नास व्हती. मला एकच हाय."

आन् खताचा दुकानवाला आला, त्याला मात्र हात जोडून परत पाठवलं. त्याच्या बिलाचं जे सॉफ्टवेअर व्हतं ते लिनक्सवर चालत नव्हतं. तो म्हनला बसवा कसंबी. मुनीरभाई म्हनले, "बसवीन, आन् उद्यापासून तुमी मला शिव्या द्याल. तुमच्या कामाला हे फळ न्हाई." मी भिंतीपलीकडून ऐकायलो व्हतो. वरडलो, "मुनीरभाई, आलेलं गिऱ्हाईक कावून घालवायलाव?" तिकडून आवाज आला, "तू दळ बे."

आता माझ्या घरचं. माझा पोरगा पुन्यात एका कंपनीत ड्रायव्हर. त्यानं एक वापरलेला लॅपटॉप घरी पाठवला, त्याच्या बायकोसाठी, म्हंजी माझी सून रेखा. रेखाला मराठी टायपिंगची परीक्षा द्यायची व्हती, मिनिटाला तीस शब्द. ती पास झाली तर कचेरीत कामाला लागायची आशा. बीडच्या टायपिंग क्लासला महिनाभर गेली, पन पदरात आठ महिन्याचं लेकरू. ते दूध सोडंना, बस मिळंना. शेवटी म्हनली, "मामा, आता घरीच सराव करते." परीक्षेला ऱ्हायलते तीन आठवडे.

आन् लॅपटॉप कुठं? माझ्या गिरनीत. मी तो गल्ल्याशेजारी उघडून ठेवायचो. कामाचा काय न्हाई, पन दळनाला आलेल्या बायांना वाटावं, बबनरावाचा कारभार कंप्युटरवर चालतो. चालू करायला बटन दाबायचो, एक डबा जवारी दळून व्हायची, तरी त्याच्यावर ते गोल गोल फिरतच आसायचं.

रेखा म्हनली, "मामा, मुनीरचाचाला दाखवा की."

नेला. मुनीरभाईनं टिचकी मारली, कान लावला, चष्मा डोळ्यावर घेतला. मंग पाठ उघडली. आतल्या पंख्यातून पिठाचा असा लगदा निघाला, की दुकानातल्या मानसांनी तोंडाला रुमाल लावले. मुनीरभाई बोटावर पीठ घेऊन म्हनले, "बबन्या, जवारी हाय का बाजरी?"

"मिक्स आसंल," मी म्हनलं.

"दोन भाकरी व्हतील बे ह्याच्यात. शांताभाभीला परात घेऊन बोलाव."

मशीन साफ झालं, मंग त्यांनी रेखाला बसवलं. "बेटा, काय काम करायचं हाय?" तिनं सांगितलं. मला इचारलंच न्हाई. तरीबी मी मधी स्टूल ओढून बसलो.

पैली फोड टरबूज. काय देखनं हो! खिडक्या उघडताना फुलासारख्या उघडायच्या, मिटताना लाजायच्या. मी म्हनलं, "हेच. बसवा." मुनीरभाई म्हनले, "थांब. बेटा, आनखी दोन खिडक्या उघड." तिनं उघडल्या. पंखा माझ्या गिरनीसारखा बोंबलायला लागला आन् सगळं गपकन थांबलं. मुनीरभाई म्हनले, "सुंदर हाय. ह्या म्हाताऱ्याला उचलत न्हाई."

दुसरी बोर. पळायला तर हरिण. बोट लावायच्या आधी उघडायचं. मी म्हनलं, "हेच. बसवा." रेखा हळूच म्हनली, "चाचा, ह्यात कुठं काय हाय, मला सापडंना." दोनदा शोधलं, सापडलं, परत हरवलं. मुनीरभाईनं बोर काढलं. "चांगलं हाय. पन शिकनाऱ्यानं रस्ता शोधत बसायचं का टाइप करायचं?"

तिसरा पुदिना. क्लासच्या कंप्युटरवर जिथं मेनू तिथंच मेनू. रेखानं कुनाला न इचारता लिहायचं पान उघडलं. तिचा चेहराच बदलला. पन एक अडचन ऱ्हायली, मराठी कीबोर्ड. क्लासात तिची बोटं जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीवर बसलेली, आन् ह्याच्यात आधीपासून निराळीच पद्धत. मुनीरभाईनं मोबाइलचं नेट लावलं, खुडबुड करत बसले, तिसऱ्या परहरी ती पद्धत सापडली. रेखानं एक उतारा मारला. मिनिटाला अकरा शब्द.

मी म्हनलं, "हेच. बसवा."

"आता बरोबर बोललास," मुनीरभाई म्हनले. "पन मला मेहुनीच्या पोरीच्या शादीला माजलगावला जायचं हाय. चार दिवसांनी येतो, मंग पक्कं बसवतो. बसवायच्या आधी आतले पोराच्या लग्नाचे फोटो-बिटो काढून ठेवायला लागतात, घाईचं काम न्हाई. तवर मशीन हितंच." एवढं बोलून, मला शटर ओढून घ्यायला सांगून ते नमाजला गेले, तिकडूनच पुढं माजलगावला. रेखा लेकराकडं गेली.

आन् दुकानात ऱ्हायलो मी.

माझं डोकं कसं चाललं ते सांगतो. मशीन चालू हाय. पुदिना चालू हाय. मराठी चालू हाय. आता ह्याच्यात बसवायचं काय शिल्लक ऱ्हायलं? चार दिवस पोरीचे कावून घालवायचे? मुनीरभाई बिचारे थकले आसतील, उगं त्यांना त्रास. मी लॅपटॉप मिटला, पेनड्राइव्ह तसाच लटकत ठेवला, काखेत मारला आन् घरी आलो. शांता म्हनली, "झालं का काम?" म्हनलं, "मी आसल्यावर व्हत न्हाई का?"

घरी उघडला तर सगळं जिथल्या तिथं. रेखाला सांगितलं, मुनीरभाईच ने म्हनले. चार दिवस तिनं लेकरू झोपलं की बोटं चालवली. रोजचे उतारे एका जागी ठेवायची, चुका मोजायची. अकराचे चौदा झाले, चौदाचे अठरा. चौथ्या दिवशी दुपारी बावीस. शांतानं त्या दिवशी मला दुसऱ्यांदा चहा दिला, न मागता.

आन् चार वाजता लाइट गेली. बॅटरी त्या मशीनची नावालाच, दुकानापासून घरापर्यंत पुरली तेवढीच. टप्पकन काळोख. लाइट आली, रेखानं बटन दाबलं, पुदिना आला. पन उतारे न्हाईत. एकबी न्हाई. मराठी बी न्हाई. जसं काय चार दिवस झालेच न्हाईत.

पोरगी बाजेवर बसून रडायला लागली. तिचं बघून लेकरू रडायला लागलं. शांता माझ्याकडं बघून म्हनली, "काय केलंव?"

"मी काय केलं? मुनीरभाईनं कच्चा माल दिला!" आन् तसाच तावातावानं निघालो. मुनीरभाई माजलगावहून नुकतेच उतरलेले, शादीतली नवी कोरी टोपी डोक्यावर, दुकानाचं शटर अर्धंच वर. आजूबाजूला मानसं बघून मला आनखी जोर आला. "मुनीरभाई, तुमचा पुदिना सुकला! पोरीची चार दिवसांची मेहनत खाल्ली त्यानं!"

मुनीरभाईनं शटर पुरं वर केलं. टेबलाकडं बघितलं. मशीन न्हाई. माझ्याकडं बघितलं.

"फोड घरी नेलीस?"

मी शटरकडं बघायला लागलो.

"बबन्या, फोड घरी नेलीस का?"

"मला वाटलं..."

"आरे, फोड चाखायची आसती बे. ती ठेवायची नसती. मशीन बंद झालं की तिच्यातलं सगळं पुसतं, ती तशीच बनवलेली हाय, म्हंजी दुसऱ्याला साफ देता यावी. मी बसवलेली मराठी बी फोडीतच व्हती. ती बी गेली."

आता शिव्या येनार म्हनून मी मान खाली घातली. बाजूचे सगळे कान टवकारून उभे. मुनीरभाईनं चष्मा डोळ्यावर घेतला.

"पोरीचा स्पीड किती झाला?"

"अं?"

"स्पीड बे. अकरा व्हता."

"आज बावीस."

"मंग गेलं काय? उतारे गेले. उतारे तर पुस्तकात हाईतच. बावीस तिच्या बोटांत हाय, ते लाइट गेल्यानं जात न्हाई. चल."

मुनीरभाई गिऱ्हाइकाच्या घरी कधी जायचे न्हाईत. त्या दिवशी दुकान तसंच उघडं टाकून माझ्या घरी आले. ओट्यावर रेखा बसलेली, डोळे सुजलेले. तिला म्हनले, "बेटा, चूक माझी. मी तुला सांगायला पायजे व्हतं, फोड म्हंजी काय. मी तुझ्या सासऱ्याला हुशार समजून बसलो."

रेखा रडता रडता हसली. शांता तर पदर तोंडाला लावून आतच पळाली. मी बी हसलो, दुसरं करनार काय?

आधी लग्नाचे फोटो दुसऱ्या ठिकानी काढून ठेवले. मंग पुदिना पक्का बसवायला घेतला, पन बटनाला हात लावला न्हाई. सगळं रेखाकडून करून घेतलं. एका जागी मशीन इचारत व्हतं, आतलं सगळं पुसू का. तिनं बोट मागं घेतलं. म्हनली, "चाचा, तुमी दाबा." ते म्हनले, "परीक्षेला मी येनार हाय का? दाब." तिनं दाबलं. मराठी परत बसवली, तीबी तिच्याच हातानं. मंग तिला म्हनले, "आता बंद कर. परत चालू कर." तिनं बंद केलं आन् आमी सगळे मैयतीला बसल्यावानी बसलो. चालू झालं. मराठी व्हती. तिनं 'आई' लिहिलं. लेकराचं पैलं पाऊल पडावं तशी शांता टाळ्या वाजवायला लागली.

निघताना एकच अट घातली, लॅपटॉप गिरनीत आनायचा न्हाई. मी म्हनलं, "पन बायांना काय वाटंल?" म्हनले, "बायांना दळन पायजे बे."

परीक्षेला मी बीडला संग गेलो, लेकरू सांभाळायला. रेखा आत गेली. अर्ध्या घंट्यात लेकरानं माझ्या टोपीचा चोथा केला, सदऱ्यावर ओकलं आन् वर हसलं. रेखा बाहेर आली, आधी लेकरू घेतलं. एस्टीत बसल्यावर म्हनली, "मामा, तीन चुका झाल्या." म्हनलं, "तीनच? मी तर घरून निघाल्यापासून पाच केल्या." आन् त्या टायमाला खरंच मोजल्या तर सहा निघाल्या, एस्टी आमची नव्हती.

रिझल्ट आला. पास. मी पेढे घेऊन पैला मुनीरभाईकडं. त्यांनी पेढा खाल्ला, साखरेचा आसूनबी. म्हनले, "डॉक्टरनं पेढ्याचं काय म्हनलं नव्हतं."

पुढं वर्साभरानं रेखा तालुक्याच्या एका कचेरीत करारावर लागली. खिडकीत बसायचं, लोक बोलतील तो अर्ज मराठीत टाइप करायचा. मी एकदा माझ्या कामाला गेलो, तर ही लाईन. मी सरळ पुढं घुसलो. "सरका, सरका, आत माझी सून हाय." तेवढ्यात मागून कुनीतरी सदरा धरून वढलं.

मुनीरभाई. चष्मा डोळ्यावरच व्हता, आन् तरीबी माझा चेहरा जवळ आनून बघत व्हते. "लाईनीत उभा ऱ्हा बे."

"आहो, माझीच सून..."

खिडकीतून रेखा म्हनली, "मामा, लाईनीत या." सगळे हसले. मी मुनीरभाईच्या मागं उभा ऱ्हायलो. म्हनलं, "तुमी कसं काय हितं?" म्हनले, "आलो हाय एका कामाला."

त्यांचा नंबर आला. रेखा उठून उभी ऱ्हायली. "चाचा, बसा ना आत येऊन." त्यांनी हातानंच तिला बसवलं. "लिही बेटा. अर्जदार मुनीर, फळवाले. विषय, चौसाळा येथील दुकानाचे लायसन बंद करनेबाबत."

तिची बोटं थांबली.

"डोळे गेलेत," ते म्हनले. "बारके स्क्रू दिसत न्हाईत आता. परभनीला पोरीकडं जातो. लिही, मागं लोक खोळंबलेत."

रेखा टाइप करत व्हती. एकदाबी खाली बघितलं न्हाई, आन् गालावरून पानी वाहायलं तरी ते पुसायला हात उचलला न्हाई. मुनीरभाई डोळे मिटून, मान जरा कलती करून नुस्ता आवाज ऐकत उभे ऱ्हायले. कागद बाहेर आला. त्यांनी तो डोळ्याशी धरला, सावकाश वाचला, एका वळीवर अंगठा फिरवला, सही केली आन् खिडकीत परत दिला.

"चूक न्हाई एकबी," ते म्हनले.

मंग माझ्याकडं वळले. माझ्या खांद्यावरचं पीठ झटकलं.

"तुझा नंबर आला बे. सरक पुढं."

आन् भिंतीला हात लावत दाराकडं गेले. पायरीपाशी थांबले, पायानं चाचपून पायरी शोधली, उतरले. बाहेर ऊन लई व्हतं. मागचा मानूस माझ्या नावानं वरडायला लागला, रेखा आतून "मामा, मामा" करायला लागली, तरी मी आपला दाराकडंच तोंड करून उभा.